बाळांचं पाळणाघर, दिव्यांग बाळं आणि पुढचं ट्रेनिंग: अनुभवी लोकांनी सांगा

अबोली२२ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवलं, इग्नूचा डीईसीई (बालशिक्षणाचा डिप्लोमा) केलाय, तीन ते सहाची मुलं माझ्या हाताखालून भरपूर गेलीत आणि त्यांचं मला जमतं. गेल्या वर्षी मी आणि माझ्या जाऊबाईंनी मिळून पुण्यात आमच्याच तळमजल्यावर पाळणाघर सुरू केलं. ठरवलं होतं दोन वर्षांच्या पुढचीच घ्यायची, पण २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली की आया सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन दारात उभ्या, कुणाची सासू गावी, कुणाची आई आजारी, नाही तरी कसं म्हणायचं. आज आमच्याकडे एक वर्षाच्या आतली चार आणि एक ते तीनमधली सहा अशी दहा बाळं आहेत, आम्ही दोघी आणि एक मदतनीस मावशी.

मागच्या महिन्यात चौदा महिन्यांची एक छकुली आली, डाऊन सिंड्रोम आहे. आई तिला घेऊन आधी तीन पाळणाघरं फिरून आली होती, तिन्हीकडे "आमच्याकडे ट्रेन्ड स्टाफ नाही" हेच उत्तर. मी हो म्हटलं. पण पहिल्या दिवशी तिला पेज भरवताना माझा हात कापत होता. ती मांडीवरून सारखी घसरत होती, अंग एकदम मऊ, जीभ बाहेर, चमच्यातलं निम्मं हनुवटीवर, मधेच ठसका लागला आणि माझ्या पोटात गोळाच आला. डिप्लोमात विशेष गरजा असलेल्या मुलांवर धडा होता, मी तो व्यवस्थित पाठ केला होता, मार्कही चांगले होते, पण मऊ अंगाचं बाळ मांडीवर धरायचं कसं हे त्यात कुठेच नव्हतं.

तर ० ते ३ ची बाळं आणि दिव्यांग बाळं या दोन्हीसाठी पुढचं ट्रेनिंग कुठलं घ्यावं? ऑनलाइन कोर्सवर भरवसा ठेवावा का? आणि जाऊबाई विचारतायत की कोर्स होईपर्यंत छकुलीला ठेवायचं की थांबवायचं, त्याचंही सांगा प्लीज.

देवराई | सोमवार, रात्री ११:३०

अबोलीताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. थांबवू नका. ती तीन दारं फिरून तुमच्याकडे आलीये, चौथं दार बंद झालं तर ती आई नोकरी सोडून घरी बसेल, हे मी अठरा वर्षं बघतेय.

मी नाशिकला स्पेशल एज्युकेटर आहे. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यतेचा डीएड स्पेशल एज्युकेशन दोन वर्षांचा, पूर्णवेळ, म्हणजे पाळणाघर चालवता चालवता होणार नाही आणि त्याचा रोख बराचसा शाळेच्या वयाकडे असतो. आरसीआयचाच सीबीआयडी नावाचा सहा महिन्यांचा कोर्स २०२१ पासून आहे, मेलबर्न युनिव्हर्सिटीबरोबर तयार केलेला, वस्तीत जाऊन दिव्यांग माणसं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम कसं करायचं ते शिकवतात, तो तुमच्या कामाच्या जास्त जवळचा आहे.

पण ह्या आठवड्यात करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. छकुलीच्या आईला विचारा थेरपी कुठे चालू आहे. नसेल चालू तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (बाळांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) पाठवा, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर एकाच छताखाली मिळावेत म्हणूनच ते सेंटर काढलंय. आणि एक दिवस तिच्या आईबरोबर तुम्ही स्वतः जा. थेरपिस्टला सांगा की दिवसाचे आठ-नऊ तास हे बाळ माझ्याजवळ असतं, मला धरायला शिकवा, भरवायला शिकवा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपी होते आणि बाकी सगळा वेळ बाळ कुणाच्या तरी मांडीवर, कडेवर, सतरंजीवर असतं, त्यामुळे खरी थेरपी तिथेच होते किंवा बिघडते.

अजून एक, तिची फाइल बघून ठेवा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयात काहीतरी दोष असतो, थायरॉईड आणि कानात पाणी साठून कमी ऐकू येणं हेही पुष्कळ. इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का, कानाची टेस्ट कधी झाली, थायरॉईड कधी तपासलं हे एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आणि मानेला झटका बसेल असं काही नको, उलटंपालटं करून खेळवणं, कोलांट्या वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ७:०५

वाचतेय. माझी नात पाळणाघरात जाते म्हणून सगळं लक्ष देऊन वाचतेय. अबोलीताई तुम्ही हो म्हणालात तेच फार मोठं केलंत.

काजवा | मंगळवार, सकाळी ९:२०

मी फिजिओ, लहान मुलांबरोबरच काम करते. भरवण्याबद्दल लिहिते कारण ठसका ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

पहिलं म्हणजे पेज. आपल्याला वाटतं पातळ म्हणजे सोपं, पण मऊ तोंडाच्या बाळाला पातळ सगळ्यात अवघड, ते जिभेवरून धावत घशात जातं आणि त्याला आवरायला वेळच मिळत नाही. खिमट जरा दाट करा, नाचणीची खीर दाट करा, चमचा तिरका केला तर लगेच ओघळणार नाही इतपत. दुसरं म्हणजे बसणं. आडवं मांडीवर घेऊन अजिबात भरवायचं नाही, आपल्या घरात सगळ्या आज्या तसंच भरवतात पण ह्या बाळाला नको. बाळ सरळ, कंबर मागे टेकलेली, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, आणि पाय लोंबकळते नकोत, पायाखाली पाट किंवा जाड पुस्तक ठेवा. पाय टेकले की पाठ धरते आणि पाठ धरली की मान धरते आणि मान धरली की गिळणं सुधारतं, हे एकाला एक जोडलेलं आहे, नुसतं तोंडाकडे बघून काही होत नाही.

तिसरं चमचा. तो नेहमी समोरून आणि बाळाच्या तोंडाच्या उंचीवरून यायला हवा, म्हणजे तुम्हालाच खाली बसावं लागेल. चमचा वरून आला की बाळ मान मागे टाकतं आणि मान मागे गेली की घास श्वासनळीकडे जायला रस्ता मोकळा. चपटा लहान चमचा घ्या, जिभेच्या मध्यावर हलकंच टेकवा आणि थांबा. वरचा ओठ स्वतः खाली येऊन घास घेईपर्यंत थांबा. आपण काय करतो, घाईत चमचा वरच्या हिरडीला पुसून बाहेर काढतो, मग त्या ओठाला काही कामच राहत नाही आणि बोलायला पुढे तोच ओठ लागणार असतो. हे सगळं तिच्या थेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, आणि दर जेवणाला ठसका लागत असेल किंवा छाती घरघरत असेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर.

कडेवर घेण्याचं पण सांगते कारण इथे फार गोंधळ होतो. डाऊन सिंड्रोमच्या बाळाचे सांधे सैल असतात, मांड्या आपोआप फाकतात, म्हणून तिला उचलताना दोन्ही पाय जवळ धरून घ्या. आणि सेरेब्रल पाल्सीचं कडक अंगाचं, पाय कात्रीसारखे एकावर एक जाणारं बाळ असेल तर बरोब्बर उलट, त्याला कंबरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकूनच कडेवर घ्यायचं. त्यामुळे "स्पेशल मुलांना असं धरावं" असा सरसकट व्हिडिओ कुणी फॉरवर्ड केला तर त्यावर जाऊ नका, कुठलं बाळ ते आधी.

झिमझिम_सरे | मंगळवार, सकाळी ११:४८

इथे कॅनडात रात्र आहे पण हा धागा वाचून झोप उडाली म्हणून लिहितेय. मी मूळची सांगलीची, ब्रिटिश कोलंबियात सरेला नऊ वर्षं डेकेअरमध्ये काम करतेय.

इकडे ही दोन्ही ट्रेनिंगं वेगळी मोजतात. आधी बेसिक ईसीई (लहान मुलांच्या शिक्षणाचा कोर्स) करायचं, ५०० तास काम दाखवायचं, मग सर्टिफिकेट. त्याच्यावर पोस्ट-बेसिक दोन, एक इन्फंट-टॉडलर आणि एक स्पेशल नीड्सचं, ज्याला आता बरेच जण इन्क्लुझिव्ह म्हणतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या खोलीत जास्तीत जास्त १२ मुलं आणि १२ ला तीन जणी, त्यातली एक इन्फंट-टॉडलरवाली असलीच पाहिजे, नाहीतर लायसन्स नाही. म्हणजे चार बाळांना एक. आपल्याकडे २०१३ च्या ईसीसीई (बालसंगोपन आणि बालशिक्षण) धोरणात तीनच्या आतल्या १० बाळांना एक असं आहे. अबोली, तू १० बाळांना तीन जणी ठेवल्यास, म्हणजे माणसांच्या हिशोबात तू इथल्या नियमातसुद्धा बसतेस, हे कमी नाहीये, फी कमी करायच्या नादात हे सोडू नकोस.

मी इन्फंट-टॉडलर केलं तेव्हा मला वाटलं होतं मेंदूचा विकास वगैरे शिकवतील. शिकवलंच. पण मला बदललं ते प्रॅक्टिकमने, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाने. आमच्या बाई एका कोपऱ्यात तीन तास बसून मी डायपर बदलताना बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी वही दाखवली. त्यात एकच ओळ होती, तुझे हात बाळावर असतात तेव्हा तुझं तोंड दुसऱ्या ताईशी बोलत असतं. मला इतकं लागलं ते. मी पाच वर्षं लेकराला वाढवलं होतं, शंभर वेळा केलं असेल तसं, कधी जाणवलंच नव्हतं.

मग त्यांनी करून दाखवलं. बाळाजवळ बसायचं, डायपर हातात घेऊन त्याला दाखवायचा, "आता पाय उचलते हं" म्हणायचं आणि थांबायचं. खरंच थांबायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. सात महिन्यांचं बाळ आठवड्याभरात स्वतः ढुंगण उचलायला लागतं! ही पद्धत एमी पिक्लर नावाच्या हंगेरीच्या डॉक्टर बाईंची, १९४६ मध्ये बुडापेस्टला लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी घर काढलं त्यांनी. आई नसलेल्या बाळाला आठ वेळा कुणीतरी पुसतं, भरवतं, न्हाऊ घालतं, तर तीच वेळ त्याच्या वाट्याची माणूस मिळण्याची वेळ आहे, ती उरकायची नाही, हे त्यांनी धरलं. मला तेव्हा माझी आजी आठवली, ती नातवंडांना न्हाऊ घालताना एकेका अवयवाचं नाव घेऊन बोलायची, तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दिव्यांग बाळाला तर हे थांबणं जास्तच लागतं, त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. आपण पाच सेकंदांत "नाही करत हो हा" म्हणून मोकळे होतो आणि त्याचं उत्तर आठव्या सेकंदाला येणार असतं.

इथे सगळं छान आहे असं नाही हं. सपोर्टेड चाइल्ड डेव्हलपमेंट म्हणून कार्यक्रम आहे, त्याच्या कन्सल्टंट सेंटरवर येऊन आम्हाला दाखवतात, पण जादा माणूस मिळायला आयांना महिनोन्महिने वाट बघावी लागते. नियम कागदावर आहे म्हणून बाळाला माणूस मिळतो असं इथेही होत नाही.

जाता जाता, बसवायचे चाकांचे बेबी वॉकर असतील तर काढून टाका, कॅनडात २००४ पासून विकायलाच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळ उभं राहून स्वतः ढकलतं. आणि झोपवताना वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, मोहरीची उशी वगैरे काही नको, सपाट गादी.

डहाणूची_सेविका | मंगळवार, दुपारी ३:१५

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका, २२ वर्षं झाली. आमच्या तालुक्यातच कोसबाड आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम इथलं, १९४५ ला बोर्डीला सुरुवात केली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव तिथून आलं. अंगणवाड्या चालवणारी सरकारची आयसीडीएस योजना १९७५ ची, त्याच्या कितीतरी आधीचं हे. मला ह्याचा अभिमान आहे म्हणून सांगितलं.

आमच्या ट्रेनिंगचं सांगते. सरकारच्या 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रमात तीन दिवस झालं. ० ते ३ साठी नवचेतना म्हणून आहे, २०२४ ला आलं, महिन्याप्रमाणे ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० खेळ. ते चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. काहीही विकत आणायला लागत नाही, वाटी, चमचा, ओढणी, घरातलंच सगळं. कारण तीनच्या आतली बाळं आमच्याकडे दिवसभर बसत नाहीत, वजनाला येतात, टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) न्यायला आई येते, बाकी आम्ही घरी जातो, त्यामुळे शिकवायचं ते आईलाच आणि आजीलाच. दिव्यांग बालकांचा अंगणवाडी प्रोटोकॉल पण आला नोव्हेंबर २०२३ ला. आधी ओळखायचं, मग अंगणवाडीत सामावून घ्यायचं, मग आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीमकडून पुढे पाठवायचं. आरबीएसके तर २०१३ ला सुरूच पालघरहून झालं.

पण तीन दिवस हॉलमध्ये आम्ही ऐंशी जणी खुर्च्यांवर आणि समोर पडद्यावर बाळ. जिवंत बाळ एकही नाही. मुठी उघडतं का बघा म्हणतात, कसं बघायचं ते बाळावर बघितल्याशिवाय हाताला कळत नाही. मला कळलं ते आमच्या आरबीएसकेच्या डॉक्टर मॅडममुळे. एका पाड्यावर सात महिन्यांचं बाळ होतं, वजन बरं, हसायचं पण. मॅडमने माझा अंगठा त्याच्या मुठीत घातला. उघडेचना. मग दोन्ही हात धरून हळू उठवून बसतं केलं तर मान मागेच राहिली. म्हणाल्या आता तुमच्या हाताने करा. मग शेजारच्या घरातलं तेवढ्याच वयाचं बाळ आणून त्याच्यावर करायला लावलं. दोन बाळं, पाठोपाठ, माझ्या हातात. तो फरक मी जन्मात विसरणार नाही आणि त्यानंतर मी चार बाळं वेळेत पाठवली.

ते पहिलं बाळ डीईआयसीत गेलं, व्यायाम सुरू झाले आणि दिवाळीनंतर घरचे सगळे वीटभट्टीवर गेले. आई काय करणार, पोट तिथे. मे महिन्यात परत आले तेव्हा पाय कडक झाले होते. त्याच्यासाठी कुठल्या ट्रेनिंगमध्ये काही नाही. आता मी भट्टीवर जायच्या आधी आईला रोज करायचे तीन व्यायाम वारलीत सांगून तिच्याकडून करून घेते, आजीकडून पण. एवढंच माझ्या हातात आहे.

सडेतोड | मंगळवार, रात्री ९:१०

मनापासून एक शंका विचारतो, राग मानू नये. माझा दहा महिन्यांचा मुलगा पाळणाघरात आहे. एक बाळ जास्त वेळ घेणार असेल तर बाकीच्या नऊ बाळांचं काय? आणि ह्या ताई काही नर्स नाहीत, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? प्रत्येकाने आपापल्या मर्यादा ओळखाव्यात असं मला वाटतं. दिव्यांग मुलांसाठी वेगळी सेंटर्स आहेत, तिथे तज्ज्ञ असतात.

चांदणचुरा | मंगळवार, रात्री ११:५५

सडेतोड, राग नाही. पण मी त्या दुसऱ्या बाजूची आई आहे म्हणून लिहिते.

माझ्या लेकीला ऐकू येत नाही हे मला कळलं नव्हतं. मी टाळी वाजवली की ती वळायची. नंतर समजलं की ती माझ्या हाताची सावली बघून वळायची. अकरा महिन्यांची असताना तिला सोसायटीजवळच्या साध्या पाळणाघरात ठेवली. तिथल्या ताईंकडे काही मोठी डिग्री नव्हती, कुठल्यातरी संस्थेचं ० ते ३ चं ट्रेनिंग झालेलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आज ओट्यावरून स्टीलचं ताट पडलं, सगळी बाळं दचकली, दोन रडली, तुमची झोपलेली होती ती हललीसुद्धा नाही. मी काल पण बघितलं होतं, आज खात्री केली. तुम्ही तिच्या कानाची बेरा टेस्ट करून घ्या.

मला त्यांचा इतका राग आला होता. घरी येऊन मी स्वतः दहा वेळा ताटली वाजवली.

मग बांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्थेत नेलं. दोन्ही कानांनी जवळजवळ काही नाही. खरं तर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यात निदान, सहाव्यात कानाचं मशीन असं व्हायला हवं, आमच्या हॉस्पिटलात जन्माच्या वेळी ती साधी दोन मिनिटांची कानाची टेस्टच झाली नव्हती. आधी मशीन, मग दोन वर्षांची असताना इम्प्लांट. आज सहा वर्षांची आहे, भांडताना सगळ्यात मोठा आवाज तिचा असतो.

वेगळ्या सेंटरमध्ये तज्ज्ञ असतात बरोबर आहे, पण तिथे जायला आधी कुणीतरी ओळखावं लागतं ना. आणि ते ओळखणारी बाई तुमच्या मुलाच्या पाळणाघरातच असते. दुसरं असं की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात फुकट शिक्षणाचा हक्क ६ वर्षांपासून सुरू होतो, सहाच्या आधीच्या बाळाला मी कुठे घेऊन जाऊ? मशीन लागल्यावर आम्ही एका नावाजलेल्या प्ले-ग्रुपमध्ये गेलो तर त्यांनी फॉर्मच दिला नाही. त्या पाळणाघरवाल्या ताईंनी ठेवून घेतलं, रोज सकाळी मशीनचा सेल तपासायला शिकल्या. त्याला रोजचे दोन मिनिटं लागायचे. नऊ बाळांचे दोन मिनिटं कमी झाले असतील, पण त्या नऊ बाळांना सगळं समोर बसून, तोंडाकडे बघून, सावकाश बोललेलं ऐकायला मिळालं.

देवराई | बुधवार, सकाळी ६:५०

चांदणचुरा, तुमच्या त्या ताईंना माझा नमस्कार सांगा.

सडेतोड, तुमच्या जबाबदारीच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, तो बरोबर आहे. लेखी हवं. त्या बाळाचा एक पानी प्लॅन, औषधं कुठली, ठसका लागला तर काय, झटका आला तर किती मिनिटांनी कुठल्या डॉक्टरला फोन, आईची सही, ताईंची सही. आणि सगळ्या स्टाफला बाळांचं फर्स्ट एड आलंच पाहिजे, मदतनीस मावशीला सुद्धा, हे तर दिव्यांग बाळ नसलं तरी लागतंच. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर पोटावर दाबायचं नसतं, हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच थापा आणि मग सरळ करून छातीवर पाच वेळा दाबायचं, हे बाहुलीवर करून बघितल्याशिवाय वेळेला आठवत नाही.

आणि अबोलीताई, झिमझिम आणि डहाणूताईंनी जे लिहिलं त्यावरून तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर मी जरा बदलते. कोर्स निवडताना फी आणि सर्टिफिकेटच्या आधी एकच विचारा, ह्यात माझ्या हातात बाळ असताना मला बघणारं कुणी आहे का? किती तास? नसेल तर तो ज्ञानासाठी करा, जरूर करा, पण तो ट्रेनिंग धरू नका. ऑनलाइनचंही तेच. नवीन शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना वर्षभराचा कोर्स लिहिलाय, तो स्मार्टफोनवरून, डीटीएचवरून द्यायचं म्हणतात. देऊ देत. पण बाजूला बसणारी बाई हवी.

सडेतोड | बुधवार, सकाळी ८:३०

देवराई, चांदणचुरा, धन्यवाद. आज मुलाला सोडताना तिथल्या ताईंना विचारणार आहे की त्यांनी फर्स्ट एड केलंय का. दीड महिना झाला, हे मी विचारलंच नव्हतं.

आणि एक प्रश्न, आमचा रांगत नाही, बसल्या बसल्या सरकतो. काळजी करावी का?

काजवा | बुधवार, सकाळी १०:०२

सडेतोड, काही बाळं गुडघ्यावर रांगतच नाहीत, सरकतात आणि थेट उभी राहतात, डब्ल्यूएचओने सहा देशांत बाळं बघितली त्यातही अशी होती. एकटं चालायला आठव्या महिन्यापासून अठराव्यापर्यंत कधीही लागलं तरी ते नेहमीच्यात धरतात. फक्त एकाच बाजूच्या हातापायाने ढकलतोय का, एक मूठ सारखी बंद राहते का, ते बघा. तसं असेल तर दाखवून घ्या.

अबोली२२ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

केलं ते सांगते. छकुलीच्या आईबरोबर दोनदा थेरपीला जाऊन आले. पहिल्यांदा थेरपिस्ट म्हणाल्या तुम्ही बाहेर बसा, मी सांगितलं की दिवसभर ती माझ्याकडे असते, मग त्यांनी सतरंजीवरच बसवून घेतलं आणि माझ्या हाताने सगळं करवून घेतलं. मला चमचा धरायला तीन वेळा दुरुस्त केलं. फाइलमध्ये इको होता, कानाची टेस्ट नव्हती, ती आता करून घेतली, दोन्ही कानांत पाणी निघालं, औषध चालू आहे.

घरी आम्ही एक गोष्ट सुरू केली. रोज दुपारी एकीने बाळाला भरवायचं किंवा डायपर बदलायचा आणि दुसरीने दहा मिनिटं नुसतं बघायचं, वहीत लिहायचं, मग एकमेकींना वाचून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात जाऊबाई आणि मी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही, इतकं झोंबलं. माझ्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "घास संपायच्या आत पुढचा चमचा तयार". खरं होतं. सगळ्यात चांगलं मावशी करतात. त्यांना लिहिता येत नाही, त्या सांगतात आणि मी लिहिते, आणि आमच्या दोघींच्या नजरेतून सुटतं ते त्यांना दिसतं. छकुली डावीकडून आलेल्या माणसाकडे बघते, उजवीकडून आलेल्याकडे उशिरा, हे त्यांनीच सांगितलं, तेही थेरपिस्टना कळवलं.

परवा खिमट भरवत होते. चमचा जिभेवर टेकवला, थांबले, मनात मोजत होते. सहा, सात. आणि वरचा ओठ खाली आला. मावशी मागून म्हणाल्या, "घेतलान बघा!"

सीबीआयडीची चौकशी चालू आहे, पुढच्या बॅचला बघते. त्याआधी डहाणूताई, तुम्हाला चालणार असेल तर एक विनंती. दोन बाळं पाठोपाठ हातात घेऊन बघायचं तुम्ही जे लिहिलंत ते मला तुमच्याकडे येऊन शिकायचंय. आम्ही तिघी येऊ, शनिवारी पाळणाघराला सुट्टी असते. तुमच्या मॅडमना आधी विचारून सांगाल का?

डहाणूची_सेविका | रविवार, संध्याकाळी ६:०५

मुख्यसेविका बाईंना विचारलं, हो म्हणाल्या. दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे वजनाचा दिवस आहे, तेव्हाच या, बाळं जास्त असतात. आदल्या दिवशी मुक्कामाला माझ्याकडे या, पुण्याहून सकाळी निघून जमणार नाही. नऊच्या आत पाड्यावर पोचायला लागेल, नंतर बाळं झोपतात. आणि मावशींना नक्की आणा.